हरणीचा पंखा

उंद्रीत कोणाकडे टरबूज आलं, की ते चिरण्याआधी एकदा शेषरावांच्या ओट्यावरून फिरून जातं. शेषराव ते मांडीवर घेतात, डोळे मिटतात, उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्याखाली दाबून एक टिचकी मारतात आणि कान देतात. टरबूज आणणारा माणूस तोवर उगाच इकडेतिकडे बघत उभा राहतो. शेवटी शेषराव म्हणतात, "गोड हाय. ने." एखादं टरबूज आतून पांढरंफटक निघतं, नाही असं नाही, पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. "येल खराब व्हता. टिचकी बरोबर व्हती."

माठ, घागर, कौल, नारळ, घमेलं, पत्र्याची पेटी, काहीही घ्यायचं झालं तरी शेषराव आधी टिचकी मारतात. आणि एकीवर भागत नाही. आज मारतात, उद्या येऊन पुन्हा मारतात, परवा तिसऱ्या दुकानात जाऊन तिथल्या वस्तूला मारून येतात, तोवर पहिल्या दुकानातली वस्तू दुसरा कोणीतरी घेऊन गेलेला असतो. मग शेषराव सुटकेचा श्वास सोडतात. निवड टळली याचा आनंद त्यांना निवड झाल्यापेक्षा जास्त होतो. तरुणपणी मुलगी पाहायला गेले, तेव्हा पाण्याचा पितळी गडवा समोर आला. नवरदेवाने त्याला टिचकी मारली आणि मामाच्या कानात सांगितलं, "घर पक्कं हाय." त्या घरातली मुलगी म्हणजे झुंबरबाई. त्या अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "नशीब माहं, गडव्यावरच निभावलं. माह्या कपाळावर नाही मारली."

शेषरावांच्या आयुष्यात टिचकी मारून घेतलेली आणि कधी न पस्तावलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे हरणी. हरणी हा त्यांचा ट्रक. पुढे लांब नाक असलेला, जुन्या घडणीचा. कपाळावर लाल अक्षरांत 'हरणी' लिहिलेलं आणि चाल मात्र पोट भरलेल्या म्हशीची. उंद्रीचा कापूस भरून खाली खामगावला जिनिंगमध्ये न्यायचा आणि येताना तेलाच्या गिरणीतून सरकीची ढेप, म्हणजे गुरांची पेंड, भरून घाट चढून वर यायचं, हा हरणीचा वर्षानुवर्षांचा धंदा. भागवतचं शिक्षण तिच्यावर झालं, घरावर स्लॅब तिच्यावर पडला. घरात तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर शेषराव ताटावरून उठायचे. झुंबरबाईंबद्दल बोललं तर जेवत राहायचे.

झुंबरबाईंचंही तिच्यावर प्रेम होतं, पण त्यांची रीत वेगळी. सकाळी शेषरावांनी इंजिन सुरू केलं, की त्या समोर येत, नाकाला हळदकुंकू लावत आणि जाळीसमोर उदबत्ती धरत. उदबत्तीचा धूर क्षणभर वर जायचा, मग वाकून सरळ जाळीच्या आत शिरायचा. धूर आत गेला की झुंबरबाई म्हणायच्या, "जेवली माही बाई. जा आता." धूर आत गेल्याशिवाय हरणी अंगणातून हलली, असं कधी झालं नाही.

तर या हरणीचा पंखा तुटला. रेडिएटरच्या मागे इंजिनच्या तोंडाशी फिरणारा हा पंखा. त्याला चार पाती. त्यातलं एक पातं घाटात असं उडालं, की बोनेटचा पत्रा फाडून झाडावर जाऊन बसलं. गावातला निवृत्ती मिस्त्री आला. त्याने पाहिलं, डोकं खाजवलं आणि समोरचं धडधाकट पातंही करवतीने कापून टाकलं.

"हे काऊन कापलं बे?" शेषराव ओरडले.

"तोल सांभाळाले, भाऊ. तीन पायाचा बैल चालते का? त्याच्यापरीस दोन पायाचा माणूस बरा."

तेव्हापासून हरणी दोन पात्यांवर चालू लागली आणि दर घाटाला उकळू लागली. शेषराव पाण्याचे कॅन भरून नेत, घाटात उतरत, दगडावर बसून हरणी निवण्याची वाट बघत. लोकांच्या लेखी ते हाल होते. शेषरावांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, म्हातारी बायको दम घ्यायला टेकली तर नवरा थांबतोच की.

पण भागवतला वाटत होतं. भागवत हा त्यांचा एकुलता एक मुलगा, खामगावात एका कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलवर उंद्रीला यायचा. अशाच एका शनिवारी त्याला घाटात हरणी उभी दिसली. आणि वाफेच्या लोटात बाप, भाजलेला हात पाण्याच्या कॅनमध्ये बुडवून बसलेला. रेडिएटरचं झाकण गरम असतानाच उघडलं होतं त्यांनी. भागवतला त्या क्षणी रडू आलं. पण घाटात, बापासमोर रडायचं कसं? म्हणून तो भांडला.

घरी आल्यावर त्याने किसनरावांसमोरच विषय काढला. किसनराव म्हणजे शेजारचे मोठे शेतकरी. हरणीत दरवर्षी पहिला कापूस त्यांचाच भरायचा.

"बाबा, भंगारवाल्यासंग बोलणं झालं माहं. गाडी इकून टाका."

शेषराव ताटावरून उठले. झुंबरबाईंनी ताट झाकलं. सवयच होती.

बरीच बाचाबाची झाली, किसनराव मध्ये पडले आणि शेवटी पैज ठरली. शेषरावांनी हरणीला नवा पंखा बसवायचा. किसनरावांचा कापूस खामगावला पोचवायचा, ढेप भरून परत उंद्रीला यायचं. भागवत सोबत बसणार.

"वाटेत एकदाबी बोनेट उघडायचं नाही," भागवत म्हणाला. "उघडलं, की किल्ली माह्या हातात. मंग मी न् भंगारवाला पाहून घेऊ."

"न् नाही उघडलं त?"

"त मी जलमात भंगाराचं नाव काढणार नाही."

"झालं त मंग," किसनराव म्हणाले. "घोडामैदान जवळच हाय."

मैदान जवळ होतं, पण घोड्याला पंखा मिळायचा होता. आणि तो निवडणार होते शेषराव.

भागवतने त्यांना खामगावात सुट्या भागांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आधी प्लॅस्टिकचा पंखा काढला, हलका, भरपूर पात्यांचा. सांगितलं, आता सगळे हाच बसवतात. शेषरावांनी टिचकी मारली. टप्प असा आवाज आला.

"हा पंखा हाय का सूप? याच्यात दाणे पाखडाचे का?"

मग पत्र्याचा आला. तो टिचकीला झणझणला. "ही त झांज हाय. भजनात द्या." मग विजेवर फिरणारा आला, इंजिन तापलं की आपोआप सुरू होणारा. त्याला तर शेषरावांनी बोटसुद्धा लावलं नाही. "हरणी काय सायबीन हाय, बटन दाबलं की वारा घ्याले?"

पुढच्या खेपेला दुसरं दुकान, त्याच्या पुढच्या खेपेला तिसरं. भागवत वैतागला. म्हणाला, इंजिन कोणतं ते सांगायचं, दुकानदार देईल तो पंखा घ्यायचा, यात ऐकण्यासारखं काय आहे? शेषराव म्हणाले, "तुह्या मायले पाह्याले गेलो, तवा मी बाप कोणता ते इचारलं नव्हतं. गडवा ऐकला व्हता." दर वेळी एस. टी.तून रिकाम्या हाताने उतरणाऱ्या नवऱ्याला पाहून झुंबरबाई म्हणाल्या, "पंखा पाहून राह्यले का जावई? पोरगी नाही म्हून पंख्यावर हौस भागवून राह्यले!"

शेवटी कापूस वेचून झाला, किसनरावांच्या ओसरीत छताला टेकला, तेव्हा शेषरावांची गाठ त्या पंख्याशी पडली. खामगावच्या भंगार बाजारात, गंजलेल्या डब्यांच्या ढिगात तो उताणा पडला होता. जाड लोखंडी, सहा पात्यांचा. शेषरावांनी सवयीने वाकून टिचकी मारली.

टण्णऽऽऽ.

देवळातली घंटा वाजावी तसा नाद उठला आणि बराच वेळ बाजारावर तरंगत राहिला. पलीकडे कागद खाणारी बकरी थांबून बघू लागली. शेषरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पुन्हा टिचकी मारायची म्हणून बोट उचललं आणि खाली घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या टिचकीची गरज पडली नव्हती.

"कोण्या गाडीचा हाय हा?"

"गाडीचा नाही, काका. जिनिंगमधल्या जुन्या जनरेटरचा निघाला."

"कोणाचा का असंना. नाद पाह्य ना बे त्याचा!"

पंखा तान्ह्या लेकरासारखा धोतरात गुंडाळून उंद्रीला आला. निवृत्ती मिस्त्रीला बोलावणं गेलं. आता निवृत्तीबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस गुणी, पण त्याची सगळी हयात विहिरीवरच्या इंजिनांत आणि जनरेटरांत गेलेली. ट्रक त्याच्याकडे यायचा तो फक्त हरणी, तोही शेजारधर्म म्हणून. त्याने पंखा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि खुशीत म्हणाला, "भाऊ, हा त आपल्या वळखीचा!" भोकं थोडी जमली नाहीत, ती त्याने कानशीने मोठी केली. पंखा बसला.

सकाळी चाचणी झाली. थंडी अशी, की तोंडातून वाफ निघत होती. निवृत्तीने स्टार्टर मारला. पंखा घुमू लागला आणि काय सांगावं, हरणीच्या जाळीतून उबदार वारा भसाभसा बाहेर येऊ लागला. शेजारीपाजारी शेकोटी सोडून हरणीसमोर येऊन उभे राहिले, हात शेकू लागले. कोणी पाठ शेकली. किसनरावांनी तर उपरणं काढून जाळीसमोर धरलं आणि गरम झाल्यावर पुन्हा कानाला गुंडाळलं.

"पाह्यलं का?" निवृत्ती म्हणाला. "सारी गर्मी बाहेर फेकून राह्यला. इंजनात गर्मी राह्यलीच नाही, त उकळंन काय?"

हा मुद्दा इतका बिनतोड होता, की सगळ्यांनी माना डोलावल्या. केबिनमधला गरमीचा काटा जागचा हलत नव्हता. शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला. एवढ्यात झुंबरबाई उदबत्ती घेऊन आल्या. हळदकुंकू लावलं, उदबत्ती जाळीसमोर धरली. धूर क्षणभर वर गेला आणि उलटा फिरून थेट त्यांच्या डोळ्यांत घुसला.

"अगं माय!" झुंबरबाई डोळे चोळत मागे सरकल्या. पुन्हा धरली. पुन्हा धूर तोंडावर. त्यांचा चेहरा उतरला. "आहो, हरणी जेवून नाही राह्यली. रुसली वाटते माह्यावर."

"अवं, वारा हाय."

"वारा मांगून हाय का समोरून? आजपावतर कधी तोंड फिरवलं नाही तिनं. मले काही खरं दिसत नाही."

"उचलली जीभ न् लावली टाळ्याले!" शेषराव बायकोवर खेकसले. चारचौघांत, पंख्याच्या अशा मंगल दिवशी, म्हणून जरा जास्तच खेकसले. रुसलेल्या लेकीबाळीला काय करतात ते झुंबरबाईंना माहीत होतं. घरात जाऊन नवा हिरवा खण आणला, जाळीला बांधला आणि नारळ फोडला. खण वाऱ्याने फडफडत पुढे उडू लागला, मिरवणुकीतल्या झेंड्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किसनराव म्हणाले, "घ्या, हसली बाई!"

रविवारी कापूस भरला. बापलेक निघाले. झुंबरबाईंनी उदबत्तीचा पुडा भागवतच्या हातात दिला. घाटात देवीचं ठाणं आहे. तिथे प्रत्येक गाडीवाला थांबतो, आधी आपल्या गाडीला उदबत्ती दाखवतो, मग देवीला. "माह्याच्यानं त जेवली नाही," त्या म्हणाल्या. "तुह्या हातानं जेवते का पाह्य."

जातानाचा रस्ता उताराचा. हरणी घरंगळत खाली गेली, काटा जरासा वर आला आणि थांबला. शेषरावांनी गाणं म्हटलं. जिनिंगमध्ये कापूस उतरला, गिरणीत ढेप भरली. इथवर सगळं छान झालं.

खामगाव सोडलं आणि सरळ सपाट रस्ता लागला. शेषरावांना मुलाला दाखवायचं होतं. त्यांनी पाय दाबला. हरणी पळू लागली, हरणी हे नाव जन्मात पहिल्यांदा तिला शोभलं, आणि काटा भराभर वर चढू लागला. शेषरावांनी पाय उचलला. वेग उतरला, काटाही उतरला. पुन्हा दाबला, पुन्हा चढला.

"चहा घेतू का, भागवत?" शेषराव म्हणाले.

रस्त्याकडेला हरणी उभी केली. इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं. चहा होईतो काटा गुमान खाली येऊन बसला. पुढे निघाले. थोडं पळाले, काटा वर. "भागवत, इथला चहा लय नामी हाय." पुढच्या गावात पुन्हा. त्याच्यापुढे एका पानटपरीवर चहा मिळत नव्हता, तिथे बडीशेप घेतली. भागवत मुकाट्याने चहा पीत होता. बोनेट उघडलेलं नव्हतं, तेव्हा पैजेप्रमाणे बोलायला जागा नव्हती. पण पोटात चहा डचमळू लागला, तशी त्याची बुद्धीही हलली.

"बाबा, एक इचारू? गाडी पळाली की समोरून वारा लागते. मंग ती थंड व्हाले पाह्यजे का गरम?"

"पळाल्यावर बैल दमते का नाही?"

"पण ही त उभी राह्यली की थंड होऊन राह्यली. आपली मोटरसायकल..."

"मोटरसायकलीचं सांगू नको मले. तिले टिचकी मारून पाह्य, डब्बा वाजते."

शेषरावांनी गिअर बदलला. पण आत कुठेतरी त्यांना शंका कुरतडू लागली होती आणि ती शंका हरणीबद्दल नव्हती, त्या टण्ण आवाजाबद्दल होती.

घाट लागला. ढेपेचं ओझं, खालचा गिअर, हरणी कण्हत चढू लागली. काटा तांबड्या पट्टीकडे सरकत होता. देवीचं ठाणं आलं तेव्हा पट्टीला काटा टेकायचाच बाकी होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं. शेजारी आणखी एक ट्रक थांबला होता, त्याचंही इंजिन धडधडत होतं आणि त्याचा ड्रायव्हर जाळीसमोर उदबत्ती धरून उभा होता.

भागवत उतरला. उदबत्ती पेटवली, हरणीसमोर धरली. धूर फर्रकन त्याच्या तोंडावर आला. तो खोकू लागला.

"बाबा, माय म्हणे ते खरं हाय. रुसलीच ही!"

शेषराव केबिनमधून हसायला गेले आणि त्यांची नजर शेजारच्या ट्रकवर पडली. तिथे उदबत्तीचा धूर वाकला होता आणि शहाण्या पोरासारखा सरळ जाळीच्या आत चालला होता. इकडे हिरवा खण पुढे फडफडत होता. तिकडे जाळीला बांधलेला काळ्या गोंड्यांचा झुबका आत ओढला जाऊन जाळीला चिकटून बसला होता.

शेषराव खाली उतरले. या ट्रकसमोर उभे राहिले, त्या ट्रकसमोर उभे राहिले. त्या ड्रायव्हरला वाटलं म्हातारा आपल्या गाडीला नजर लावतो, त्याने आडवा हात धरला. पण शेषरावांना आता लख्ख कळलं होतं. एका जागी बसलेल्या जनरेटरचा पंखा वारा बाहेर फेकतो, त्याला कुठे जायचं नसतं. गाडीचा पंखा वारा आत ओढतो. हरणी पळाली की समोरून वारा आत येऊ बघायचा आणि आपण बसवलेला पंखा त्याला दारातूनच ढकलून लावायचा. जितकं जोरात पळावं तितकं भांडण मोठं. झुंबरबाईंना हे पहिल्या दिवशी दिसलं होतं. आणि आपण चारचौघांत तिच्यावर खेकसलो. शेषरावांना मनापासून लाज वाटली.

आता गंमत अशी होती, की हे फक्त त्यांनाच कळलं होतं. भागवत देवीपुढे हात जोडून उभा होता. हरणी उभ्या उभ्या निवत होती. आणखी जरा थांबलं असतं, मग थोडं चढून थांबलं असतं, असं करत करत, बोनेटला हात न लावता, उंद्री गाठता आली असती. पैज जिंकता आली असती. भंगाराचं नाव जन्मात निघालं नसतं. फार तर मध्ये कुठे काटा पट्टीच्या पार गेला असता. फार तर हरणीचं काळीज फुटलं असतं.

शेषरावांनी हरणीच्या नाकावर हात ठेवला. नाक चटका बसेल इतकं तापलं होतं. टिचकी मारायला बोट उठलं नाही. पलीकडे जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाड्कन बोनेट उघडलं.

आवाज ऐकून भागवत वळला. बाप किल्ली पुढे करून उभा होता.

"घे."

"बाबा? वाफ त आली नाही अजून..."

"नाही आली. पण मी पंखा उलटा आणला, भागवत. थो वारा फेकते, ओढत नाही. ही बिचारी सांगून राह्यली व्हती, तुह्या मायले समजलं, मले नाही समजलं. पैज जिंकाले तिचा जीव नाही घेणार मी. घे किल्ली."

भागवतने किल्ली घेतली.

सीटखाली तो दोन पात्यांचा जुना पंखा होता. शेषरावांनी आयुष्यात काही फेकलं नव्हतं. इंजिन निवल्यावर बापलेकांनी मिळून पंखा बदलला आणि थांबतथांबत, कॅनमधलं पाणी पाजत, हरणीला घरी आणलं. झुंबरबाईंनी किल्ली कोणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि ताटं घेतली. जेवताना शेषराव खाली बघून म्हणाले, "तुह्यं बरोबर व्हतं." लग्नानंतर हे वाक्य झुंबरबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी वाढता वाढता एक भाकरी जास्तच वाढली.

पुढच्या रविवारी सकाळी भागवत हरणी घेऊन खामगावला गेला. कोणी अडवलं नाही. बोललेला शब्द होता. झुंबरबाईंनी उदबत्ती धरली, पंखा दोन पात्यांचा का होईना, धूर थोडा आत गेला. "जा बाई," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन चुलीपुढे बसल्या.

शेषराव दिवसभर ओट्यावर बसून होते. भंगारवाला घण घेऊन कुठून सुरुवात करेल याचा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. बहुतेक नाकापासून. कोणीतरी टरबूज आणलं. शेषराव म्हणाले, "ने तसंच. चिरून पाह्य." माणूस घाबरला. त्याला वाटलं शेषराव आजारी आहेत.

दिवस कलला तेव्हा त्यांचे कान टवकारले. लांबून, गावाच्या वेशीपलीकडून आवाज येत होता. असा आवाज जिल्ह्यात एकच होता. पण आज त्यात कण्हणं नव्हतं. शेषराव उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "झुंबरे," त्यांनी हाक मारली, "उदबत्ती घे."

हरणी अंगणात येऊन उभी राहिली. भागवत खाली उतरला, पण इंजिन त्याने बंद केलं नाही. झुंबरबाई काहीच न विचारता समोर गेल्या आणि उदबत्ती धरली. धूर वर गेला, वाकला आणि सुर्रकन सगळाच्या सगळा जाळीच्या आत गेला. हिरवा खण मागे ओढला जाऊन जाळीला चिकटून बसला.

"जेवली," झुंबरबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. आज डोळ्यांत धूर गेला नव्हता.

शेषरावांनी मुलाकडे पाहिलं. "भंगारवाला?"

"पाह्याले आला. आल्याबरोबर घणानं बोनेट ठोकून पाह्यलं त्यानं. मले नाही पाह्यलं गेलं." भागवत दुसरीकडे बघत बोलला. "पैज तुम्ही जिंकलेली व्हती बाबा, तरी तुम्ही किल्ली देली. मंग मी तिले त्याच्या घणाखाली कशी देऊ? पण किल्ली माहीच राहीन. मालक मी. तुम्ही डायवर. रेडिएटरचं झाकण गरम असतानी हात लावला, त त्याच दिवशी कामावरून काढून टाकीन."

"हाव, मालक," शेषराव म्हणाले.

ते बोनेटपाशी गेले. उघडलं. आत नवाकोरा पंखा फिरत होता. भागवतने दुकानात इंजिन कोणतं ते सांगितलं होतं आणि वारा कोणीकडे जातो ते दोनदा विचारून घेतलं होतं, हे त्याने छाती काढून सांगितलं. शेषराव ऐकत होते. त्यांचं बोट अंगठ्याखाली दबलं होतं, पण त्यांनी ते सोडलं नाही. नुसतं विचारलं, "बस इतलंच? इंजन सांगतलं न् घेऊन आला?"

भागवतने आईकडे पाहिलं, मग हरणीकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"एक टिचकी मारली," तो म्हणाला. "हळूच."